तक्तपोशीचा मुकदमा

पायाखालची जमीन सरकण्याचा अनुभव मनुष्यास आयुष्यात केव्हा ना केव्हा येतोच; परंतु ती जमीन आपण होऊन, पूर्ण शुद्धीवर असताना, हत्यारे हाती घेऊन उचलून बाजूस ठेवण्याचा योग महाराष्ट्रात फार थोड्या गृहस्थांच्या कुंडलीत असतो, आणि याचे कारण गृहस्थांच्या स्वभावात नसून आपल्याकडील जमिनींच्या स्वभावात आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीस 'उचलणे' ही क्रियाच लागू पडत नाही. ती खणावी लागते. शहाबादी फरशी उचलताना तडकते, आणि 'ती मुळातच तडकलेली होती' असा जबाब गवंडी तत्काळ नोंदवितो. अलीकडच्या चकचकीत लाद्यांविषयी तर न बोललेलेच बरे. त्या हातोड्यावाचून निघत नाहीत, आणि हातोड्यानंतर त्यांस लादी म्हणणे हा केवळ उपचार उरतो. लाकडी फळ्यांची तक्तपोशी तेवढी अशी आहे, की खिळ्यांनी बसविलेली असल्यामुळे ती खिळे काढून उचलता येईल, असे पाहणाऱ्यास वाटते. आणि या वाटण्यातूनच पुढील सारा मुकदमा उद्भवला.

पनवेलहून पुण्याच्या जुन्या रस्त्याने निघून, पळस्पे फाट्यावर गोव्याच्या वाटेला निरोप दिल्यावर थोड्याच अंतरावर जे कोन गाव लागते, तेथे जमिनीच्या या साऱ्या अवस्था अद्याप एकत्र नांदताना दिसतात. गावठाणात भातशेतीच्या काळातली मंगळुरी कौलांची घरे तग धरून आहेत. द्रुतगती महामार्गाच्या भरवशावर उंच गेलेले मनोरे सावळ्याच्या बाजूस उभे आहेत. आणि याच पंचक्रोशीत गिरणी कामगारांसाठी दिलेल्या त्या इमारती आहेत, ज्यांतील २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली. मुळात भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर, असा तो हिशेब होता. सोडत आणि ताबा यांच्या दरम्यान करोनाची साथ आली, इमारती विलगीकरणाकडे वर्ग झाल्या, मागाहून त्यांची दुरुस्ती निघाली; आणि लालबाग-परळात जन्म काढलेल्या माणसांनी चावी हाती पडेपर्यंत जी तितिक्षा दाखविली, तिचाच एक अंश या मुकदम्यात अखेरीस उपयोगी पडला.

आमचे स्नेही आप्पा (गावात निदान आठ तरी आप्पा असल्यामुळे ओळख पटण्याचा संभव नाही) हे गावठाणातील एका घराचे मालक असून, ते घर दुमजली म्हणावे की दीडमजली, याविषयी घरपट्टी आकारणारे आणि ती भरणारे यांच्यात पिढीजात मतभेद आहे. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर सागाच्या सव्वा इंच जाडीच्या फळ्या, अशी माळ्याची तक्तपोशी आजोबांच्या कारकिर्दीतली. माळ्यावर कणग्या असत, पोरे धावत, आणि फळ्यांच्या सांध्यांतून तूस व धूळ खाली ओटीवर बसलेल्या पाहुण्यांच्या टोप्यांवर पडे. तेव्हा आप्पांच्या वडिलांनी कड्यांच्या खालच्या अंगाने पातळ फळ्यांचे दुसरे छत मारून घेतले. पाहुण्यांच्या टोप्या वाचल्या; परंतु वरची तक्तपोशी आणि खालचे छत यांच्या दरम्यान वीतभर उंचीचा, सर्व बाजूंनी बंदिस्त, सातबाऱ्यावर न चढलेला असा एक मुलूख निर्माण झाला, आणि त्याची वहिवाट प्रथमपासून उंदरांकडे आहे. यंदा श्रावण सरता सरता या मुलखातील एक रयत मयत झाली. गणपती तोंडावर, ओटीवर मखराची जागा मुक्रर झालेली, आणि नेमक्या त्या जागेच्या माथ्यावरून जो दरवळ उतरू लागला, त्यापुढे धूप, ऊद आणि उदबत्ती या तिन्ही आघाड्या दोन दिवसांत मोडल्या.

खालचे छत काढावे, असे प्रथम सुचणे स्वाभाविक होते. परंतु त्या छतास उत्सवासाठी नुकताच तैलरंग दिलेला होता. शिवाय खालून फळी काढणाऱ्याच्या मस्तकावर सर्वांत आधी काय पडेल, याची कल्पना उपस्थित मंडळींस एकाच क्षणी आली, आणि सभेचा कल एकमताने वरच्या बाजूस वळला.

आता फळी उचलायची, तर कोणती? माळा सोळा हात लांब आणि मयताचा ठावठिकाणा अज्ञात. आप्पांचे नाक पूर्वेची बाजू दाखवी, धाकट्या बंधूंचे पश्चिमेची. आणि दोघांत जमिनीच्या वाटणीचा दावा पूर्वी होऊन गेलेला असल्यामुळे, आपल्या हिश्श्याच्या माथ्यावर उंदीर मेला आहे हे दोघांपैकी कोणीच कबूल करण्यास राजी नव्हता. आप्पांच्या मातोश्रींनी पाटावरून न उठता मत दिले, की वास जिथे येतो तिथे उंदीर नसतो, वास येण्याची वाट असते. आणि हे मत पुढे शब्दशः खरे ठरल्यामुळे त्या वेळी ते कोणी मनावर घेतले नाही, हे निराळे सांगावयास नको.

हत्यारांच्या निवडीबाबत आपल्या समाजाचा एक नियम मी फार दिवसांपासून पाहत आलो आहे. काम कोणते, त्यास हत्यार कोणते लागेल, आणि ते कोणाकडे मिळेल, असा क्रम शास्त्रात असला तरी व्यवहारात तो बरोबर उलटा चालतो: प्रथम हत्यार कोणाकडे आहे ते निघते, त्या माणसाशी आपले बोलणे आहे की नाही हे पाहिले जाते, आणि मग त्या हत्याराला जमेल असे स्वरूप कामास देण्यात येते. या न्यायाने सर्वांत आधी पहार आली. शेजारच्या बागायतदारांची ही पहार साडेचार फूट लांब, खड्डे आणि दगड यांसाठी जन्मलेली, आणि उचलून आणण्यातच इतके श्रम पाडणारी, की आणणाऱ्यास ती कोठे तरी घुसविल्याशिवाय परत नेणे मानहानीचे वाटावे. तरफेचे गणित मला मान्य आहे. परंतु तरफेला टेकू लागतो, आणि फळी उचकताना तो टेकू म्हणजे शेजारची फळी असते, ही गोष्ट पहारवाल्यांच्या ध्यानात शेजारच्या फळीवर अर्धा इंच खोल खळगा पडल्यावरच येते. पहारीखाली रुंद पाटीचा तुकडा घातला तर भार पसरतो व खळगा पडत नाही, एवढे साधे ज्ञान त्या खळग्याच्या किमतीत आम्हांस प्राप्त झाले. फळी मात्र हलली नाही.

ती का हलली नाही, हे समजण्यास साग समजून घेतला पाहिजे. सागास तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. आणि त्याच्या अंगात वाळूच्या जातीची बारीक कणी असते, म्हणून करवतीचे दात इतर लाकडांपेक्षा त्यात लवकर बोथट होतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागात बांधलेले 'कॉर्नवॉलिस' जहाज १८१३ साली पाण्यात उतरले आणि १८४२ साली नानकिंगच्या तहावर चिनी व इंग्रज मुत्सद्द्यांच्या सह्या त्याच जहाजावर झाल्या. १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' तर इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ज्या लाकडाने चीनच्या बादशहाचे वकील आणि उत्तर समुद्राचे पाणी दोन्ही सोसले, ते कोनमधील एका उसन्या पहारीस पहिल्याच झटक्यात वश होईल, ही अपेक्षाच मुळी उद्धट होती.

दुसऱ्या दिवशी कटर आला. कोनच्या चतुःसीमेत इतकी बांधकामे चालू असतात, की येथे सुतार शोधावा लागतो, परंतु लाद्या कापणारा तरुण कोणत्याही चहाच्या टपरीवर उभा असतो, आणि त्याचे यंत्र त्याच्या मोटारसायकलीच्या डिकीत असते. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे ते चाक पाहून आप्पांचे डोळे दिपले. मी नम्रपणे सुचविले, की या चाकास दातच नाहीत. ते दगड घासून कापण्यासाठी केलेले आहे. त्यावर तो तरुण सहानुभूतीने हसला आणि म्हणाला, "काका, जे दगड कापतं ते लाकूड नाही कापणार?" हा युक्तिवाद ऐकण्यास बिनतोड आहे. व्यवहारात मात्र लाकडास कापण्यासाठी भुसा बाहेर फेकणारे दात लागतात. बिनदाती चाक सागावर नुसते घासत राहते, साग तापतो, काळा पडतो, आणि धूर सोडू लागतो. तसा तो सोडू लागला. धुराने वास तात्पुरता झाकला गेल्यामुळे काम फत्ते होत आहे असा सर्वांचा समज झाला, आणि तो समज धाकट्या बंधूंच्या घरातील मंडळी पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढून येईपर्यंत टिकला.

त्या तरुणाने मग डिकीतून लाकडाचे दातेरी पाते काढून त्याच यंत्रात चढविण्याची तयारी दाखविली. येथे मात्र मी आडवा पडलो, आणि या एका बाबतीत माझे मत आजही अत्यंत कर्मठ आहे: दगडासाठी केलेल्या, अपुऱ्या आच्छादनाच्या आणि बेसुमार वेगाच्या यंत्रात लाकडाचे दाते घालणे म्हणजे बोटांच्या संख्येचा फेरफार विनानोटीस मंजूर करून घेणे होय. शिवाय पाते किती खोल जाऊ द्यावे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. फळी सव्वा इंचाची, आणि तिच्या खालून वायरमनने विजेच्या तारा नेल्या आहेत. कोठून नेल्या आहेत, हे फक्त त्या वायरमनला ठाऊक, आणि तो सध्या दुबईत.

परदेशस्थ आप्तांचा सल्ला घेतल्यावाचून आजकाल आपल्याकडे कोणतेच संकट पूर्णत्वास जात नाही. आप्पांचा पुतण्या इंग्लंडात असतो. त्याला दूरध्वनीच्या पडद्यावर माळा दाखविण्यात आला. त्याने प्रथम विजेची कळ खाली पाडण्यास सांगितले, जे दोन दिवसांत कोणासही सुचले नव्हते. त्या देशात जुन्या घरांच्या जमिनी फळ्यांच्याच असल्यामुळे नळवाला आला की फळी उचलतो, वीजवाला आला की फळी उचलतो. आणि तेथे या कामापुरती एक निराळी करवत मिळते, जिचे पाते टोकाशी गोल असून त्या गोलाईवरही दात असतात, म्हणजे भर जमिनीच्या मध्यावर, शेजारच्या फळीस न दुखविता, वरून काप सुरू करता येतो. तिच्या जोडीला चार बोटे रुंद पात्याची, फळ्यांच्या सांध्यात शिरणारी एक लोखंडी पटाशीही असते. हे सारे ऐकून मंडळी गहिवरली. आप्पांनी ती करवत पाठविण्यास सांगितले; पुतण्या म्हणाला, दिवाळीला येताना आणतो. उंदराची एकंदर प्रकृती पाहता दिवाळीपर्यंत तहकुबी देणे कोणालाच शक्य नव्हते.

सरतेशेवटी आप्पांच्या पत्नीला आठवले, की भाजी घेताना ओळख झालेल्या एका बाईंचे यजमान गिरणीत सुतारखात्यात होते व हल्ली त्या नव्या इमारतींत राहण्यास आले आहेत. वास्तविक हा तालुका सुतारांना पारखा असू नये. बैलगाड्यांची चाके करण्यासाठी पनवेलचे नाव एकेकाळी घाटमाथ्यापर्यंत होते. परंतु चाके गेली, त्यांमागून वाकस आणि किकरे गेली, आणि आता कोनला सुतार लागला तर तो लालबागहून सोडतीने यावा लागतो. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, बोलण्यात काटकसरी. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला आणि ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यात त्यांची गिरणी जी बंद झाली ती त्यांच्यापुरती बंदच राहिली; पुढे त्यांनी मुंबईतील जुन्या चाळींच्या दुरुस्तीची कामे केली. फळ्यांच्या जमिनीचे त्यांना जे ज्ञान होते ते अशा चाळींतले, जेथे वरच्या बिऱ्हाडाने खलबत्त्यात मिरची कुटली की खालच्या बिऱ्हाडाच्या वरणात चुना पडे, मोरीचे पाणी तक्तपोशीत मुरून कडीचे टोक भिंतीत कुजे, आणि मग इमारतीला टेकू लागत, जे तात्पुरते म्हणून येत आणि भाडेकरूंपेक्षाही जुने होत.

मिस्त्री माळ्यावर आले तेव्हा त्यांच्या स्वागतास आम्ही अकरा जण उभे होतो. त्यांनी सर्वत्र पाहिले आणि विचारले, "फळी कोणती उचलायची?"

"हीच," आप्पा म्हणाले.

"मग सगळे तिच्यावर का उभे आहात?"

या प्रश्नास समाधानकारक उत्तर नव्हते. मंडळी भिंतीकडे सरकली, काही खाली गेली, आणि तक्तपोशीने दोन दिवसांत प्रथमच सुटकेचा आवाज केला.

मिस्त्रींनी पिशवी उघडलीच नाही. ते गुडघ्यांवर बसून फळ्यांवरून तळहात फिरवीत राहिले. खिळ्यांची डोकी लाकडात खोल ठोकून वर लुकण भरलेले होते. ते नखाने खरवडून त्यांनी एक एक डोके शोधले आणि खडूने खुणा केल्या, तेव्हा माळाभर आडव्या सरळ ओळी उमटल्या. ओळ म्हणजे खाली कडी. दोन ओळींमधली जागा म्हणजे पोकळी. दोन दिवसांत पहार आणि कटर यांनी जी जागा पसंत केली होती ती तंतोतंत कडीच्या माथ्यावर होती. नंतर त्यांनी एक कागद मागितला. घरात लग्नपत्रिका विपुल होत्या. त्यांतली एक घेऊन ते फळ्यांच्या सांध्यांत सरकवू लागले. पत्रिका बहुतेक ठिकाणी नखभर जाऊन अडे. म्हणजे फळ्या नर-मादी पद्धतीने एकमेकींत गुंतविलेल्या होत्या, आणि जीभ कापल्यावाचून कोणतीही एकटी फळी वर येणे शक्य नव्हते, मग पहार साडेचार फुटांची असो की सात फुटांची. परंतु पश्चिमेच्या भिंतीपासून चौथ्या सांध्यात पत्रिका सरळ आरपार गेली, आणि तिच्यावरील शुभचिंतकांच्या नावांसह अर्ध्यापर्यंत खाली उतरली. तेथे जीभ नव्हती. आजोबांच्या सुताराने, आपल्यामागून कोणास तरी खाली पाहावे लागेल हे जाणून, एक फळी मोकळी ठेवली होती. पूर्वजांच्या दूरदृष्टीची उदाहरणे व्याख्यानांतून पुष्कळ ऐकली आहेत; ती प्रत्यक्ष पाहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

माश्यांचा एक छोटा समुदाय त्याच सांध्यावर बसला होता, हे मला वाटते सर्वांनी दोन दिवस पाहिले असावे.

काप घेणे अटळ होते, कारण ती फळी अखंड सोळा हातांची होती. तो कडीच्या बरोबर मध्यावर घेतला तर दोन्ही तुकड्यांस अर्धी अर्धी कडी टेकायला मिळते, परंतु खिळे नेमके तेथेच असतात. कडीच्या कडेला लागून घेतला तर खिळे चुकतात, मात्र कापलेले टोक अधांतरी राहते व त्यासाठी कडीच्या अंगास एक लाकडी पट्टी मारावी लागते. मिस्त्रींनी दुसरा मार्ग पत्करला. गिरमिटाने कडीलगत ओळीने चार भोके पाडली, त्यांतून अरुंद निमुळते पाते शिरविले, आणि आडवा काप सरळ उभा न घेता किंचित तिरपा घेतला, म्हणजे फळी परत बसविताना तिचे टोक पलीकडच्या टोकावर रेलून राहावे. करवत चालत असता आप्पांनी तीनदा विचारले, की यंत्राने लवकर झाले नसते का. आणि मिस्त्रींनी तिन्ही वेळा पात्याला मेण लावले.

मग पटाशी सांध्यात, पटाशीखाली पाटीचा तुकडा, आणि फळीचे टोक दोन बोटे वर आले. या ठिकाणी पहारवाले शेजारी जोर लावण्यास पुढे सरसावले. मिस्त्रींनी त्यांना हाताने थांबवून वर आलेल्या टोकाखाली नळाचा एक जुना तुकडा आडवा सरकविला आणि त्या टोकावर अलगद पाय दिला. टोक खाली गेले, नळीच्या पलीकडची फळी वर उचलली, आणि पुढच्या कडीवरचे दोन खिळे करकरत आपले आपण बाहेर आले. नळी पुढे सरकवावी, पाय द्यावा. पुन्हा नळी, पुन्हा पाय. ज्या फळीस उपटण्यासाठी आम्ही दोन दिवस वर ओढीत होतो ती खाली दाबल्याने निघत होती, हे पाहून बागायतदार शेजाऱ्यांनी आपली पहार मुकाट्याने खांद्यावर घेतली.

आत साठ-सत्तर वर्षांचे तूस होते, चिंचोके होते, एक भोकाचा पैसा होता, आप्पांच्या शाळेच्या काळातले एक प्रगतिपुस्तक होते, जे तेथे आपोआप पडण्याइतका सांधा रुंद नव्हता आणि ज्याविषयी मातोश्रींनी खालून चौकशी करताच आप्पांनी ते खिशात घातले. आणि वारसांनी जिच्या हिश्श्याविषयी दोन दिवस वाद घातला ती मयत रयत, दोन्ही हिश्श्यांच्या सीमेवर, एका कडीला टेकून, निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे अशी पडली होती. पंचनामा झाला. खर्च निमपट वाटून घेण्याचे ठरले.

राहता राहिली फळी परत बसविणे. मिस्त्रींनी कडीच्या अंगास पट्टी मारून पिशवीतून पितळी स्क्रू काढले आणि म्हणाले, की खिळ्यांऐवजी हे लावतो; पुढच्या वेळी पेचकसाने दोन मिनिटांत फळी निघेल. परंतु आप्पांनी हे दोन दिवस भोगले होते. त्यांनी निक्षून फर्मावले, की पुढची वेळ येताच कामा नये. फळी अशी ठोका, की या घरात पुन्हा कोणाला ती उचलण्याची बुद्धी होऊ नये. निदान चाळीस खिळे मारा, मी खाली बसून मोजतो. मिस्त्रींनी मान डोलावली. आप्पा जिना उतरून जाईपर्यंत त्यांनी चार स्क्रू शांतपणे आवळून घेतले, त्यांच्या डोक्यांवर लुकण भरले, आणि मग सव्वा इंच जाडीच्या त्या फळीत पाऊण पाऊण इंचाच्या चुका, एकही खालच्या कडीपर्यंत न पोचणारी, मोठमोठ्याने ठोकावयास सुरुवात केली, खालून आप्पांचा आवाज येत होता, "सतरा... अठरा..."